पहिली मूठ

कुसुममावशी गेली त्या दिवशी आमच्या कॉलनीतल्या एकाही घरचा कुकर थांबला नाही. अमरावतीची उन्हाळ्यातली सकाळ होती, नळ आलेले होते आणि बायका पाणी भरता भरताच एकमेकींना बातमी सांगत होत्या. "गेली काय? सुटली बाप्पा बिचारी," असं एकीने म्हटलं. "थे कायची सुटली, आपण सुटलो," असं म्हणून दुसरीने हंडा उचलला. ही दुसरी म्हणजे रंजना, आमच्याच गल्लीत वाढलेली आणि लग्नानंतर याच गल्लीच्या टोकाला घर घेऊन राहिलेली. मला तिचा राग आला नाही. उलट ओठांवर आलेलं हसू लपवायला मला दाराआड जावं लागलं.

मावशी नात्याने माझी कोणी नव्हती. समोरचं घर तिचं, म्हणून मावशी. सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिथूनच निवृत्त झाली. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो लवकर वारला. मूलबाळ नाही. "दुःख पाहिलेली बाई, म्हणून अशी झाली," असं म्हणणारे प्रत्येक गल्लीत एक-दोन असतात, आमच्याही होते. मला ते कधी पटलं नाही. दुःख कोणाच्या घरी नव्हतं? बाकीच्यांनी काही त्याचं लोणचं घालून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाढलं नाही.

ठेंगणी, काटक, केस घट्ट मागे ओढून बांधलेले. मागच्या दाढा साठीच्या आतच गेलेल्या. कवळी लावली नाही, कारण कवळीची सवय व्हायला महिनाभर जातो म्हणे आणि तेवढी वाट कोण पाहील. सकाळी ओट्यावर बसून चहात टोस्ट बुडवून बुडवून खायची आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकावर नजर ठेवायची. तो टोस्ट चहात विरघळून पडला की मात्र ती बशीतला चहा चमच्याने संपवायची, काही वाया जाऊ द्यायची नाही.

वाट पाहणं हा तिच्या मते रोग होता. तिच्या घरात पुढे पिकेल, पुढे मुरेल, पुढे होईल असं काहीच नसायचं. आंबे कधी गवतात घातले नाहीत, पिकलेलाच घ्यायचा आणि त्याच दिवशी खायचा. पेपर आमचा, आणि तोही दुसऱ्या दिवशी न्यायची. "जे व्हाचं थे होऊन गेलं असते. जिवाले घोर नाही," म्हणायची. क्रिकेटची मॅचही तिने कधी चालू असताना पाहिली नाही. निकाल विचारून घ्यायची आणि मग जिंकलेली असली तर दुसऱ्या दिवशी पाहायची.

इथपर्यंत ठीक होतं. एखाद्या बाईचा तऱ्हेवाईकपणा म्हणून कौतुकाने सांगता आलं असतं. पण मावशीला स्वतःचा रोग बरा करून समाधान नव्हतं. तिला सगळ्या गल्लीवर उपचार करायचे होते. जो ज्याची वाट पाहत असेल, तेच नाव ती त्याला द्यायची. मी अकोल्याच्या ऑफिसात होतो, रोज बडनेऱ्याहून रेल्वेने जाऊन-येऊन करायचो आणि अमरावतीला बदली व्हावी म्हणून अर्ज करत राहायचो. हे तिला कळलं मात्र, मी 'बदलीवाला' झालो. संध्याकाळी घामाघूम होऊन गल्लीत शिरलो की ओट्यावरून हाक यायची, "आला काय बदलीवाला? आज बी नाही झाली न?" अकोल्याचं ऊन परवडलं, ती हाक परवडत नव्हती.

मी पुरुष माणूस, कातडी जाड. पण माझी बायको अर्चना अकोल्याची लेक, लग्न होऊन या घरात आली आणि सहा वर्षं आम्हाला मूल झालं नाही. मावशीने तिला 'पाळणावाली' म्हटलं. भर गल्लीत, भाजीच्या गाडीपाशी. चांदूर बाजारकडची एक माळीण संत्री, वांगी घेऊन यायची, तिला मावशी सांगायची, "पाळणावालीले आंबट संत्री दे व माय, तिले डोहाये लागाची आस हाये." अर्चना पिशवी तशीच टाकून घरात आली. मी तिरिमिरीत समोर गेलो आणि वाट्टेल ते बोललो. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. "तू मले शिव्या दे, पण तिले सांग, रोज कॅलेंडर पाहू नको. पोट्टं कॅलेंडरातून नाही येत," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी तिला मनापासून शाप दिला. मुलगी झाली तेव्हा सगळ्यांत आधी तीच आली, बाळाची नाळ पाहिली, टोपडं सारखं केलं आणि अर्चनाला म्हणाली, "झाली बाप्पा एकदाची. आता कशाची वाट पाहशीन?" मुलगी झाल्याचा आनंद आम्ही दोघांनी त्या दिवशी जरा गिळूनच साजरा केला.

तरी तिच्याशी कोणी संबंध तोडत नव्हतं, कारण तिचा हात. सण असो, रविवार असो, इंजेक्शन द्यायला, म्हाताऱ्या माणसाची पाठ पुसायला, जखम बांधायला बोलावलं की ती यायची. आमच्या पिढीच्या सगळ्या पोरांना तिनेच टोचलेलं आहे. "दुखन काय मावशी?" विचारलं की बाकीच्या नर्सा नाही म्हणतात. ही म्हणायची, "दुखन. गच्च रड." आणि मग सुई हवेत धरून जरा थांबायची. टोचण्यात तिचा हात फुलासारखा हलका होता. पण टोचण्याच्या आधी सुई दाखवण्यात तिला काय गोडी वाटायची ते तिलाच माहीत.

रंजनाची गोष्ट याच्याही आधीची, आम्ही शाळेत होतो तेव्हाची. आमच्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई असते. मातीची भुलाबाई आणि तिचा नवरा मांडायचा, संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणायची आणि गाणी झाली की त्या घरचा खाऊ ओळखायचा. घरची बाई झाकलेला डबा आणते, वाजवते, मुली विचारतात, गोड का तिखट, तळलेलं का भाजलेलं, आणि ओळखलं की खायला मिळतं. वर्षभर मुली त्या दिवसांची वाट पाहायच्या. खाऊ घरातही मिळायचा, पण झाकलेल्या डब्यातला खाऊ वेगळाच लागतो.

त्या कोजागिरीला शेवटचं घर मावशीचं होतं. ओट्यावर दिवा नव्हता, चांदणं होतं. आम्ही पोट्टे दुधाच्या आशेने कुंपणाच्या भिंतीवर बसलो होतो. मुलींनी गाणी म्हणून घसा कोरडा केला. मावशीने पितळेचा डबा आणला आणि खुळखुळ वाजवला. रंजना सगळ्यांत लहान, सात-आठ वर्षांची, तिचं कधी कोणी ऐकतच नसे. ती ओरडली, "फल्लीदाणे!" शेंगदाण्यांना आम्ही फल्लीदाणे म्हणतो. मावशी म्हणाली, "बरोबर! पहिली मूठ रंजीची." रंजनाचा चेहरा मला आजही आठवतो. आयुष्यात पहिल्यांदा ती जिंकली होती. तिने डब्यात हात घालून मूठ भरली आणि कोणी मागायच्या आत सगळी तोंडात कोंबून कचकन चावली.

डब्यात चिंचोके होते. रंजनाचा नुकता आलेला पुढचा दात तुटला. ओठातून रक्त आलं आणि ती ओरडायचंही विसरली, नुसती डब्याकडे पाहत उभी राहिली. बाकीच्या मुली आधी दचकल्या आणि मग हसल्या. मावशी पदर तोंडाला लावून हसत होती. तिनेच मग कापूस आणून रक्त पुसलं, आणि पुसता पुसता म्हणाली, "डबा वाजला म्हंजे दाणेच असतात काय व? पाहून खात जाय."

तुटलेला दात तसाच राहिला, आणि रंजनाचं नाव 'चिंचोकी' पडलं. शाळेत तेच, कॉलेजात तेच. रंजना तोंडावर हात ठेवून हसायला शिकली. तिच्या लग्नात मावशी स्टेजवर चढली, नवरदेवाच्या हातात भांडं दिलं आणि म्हणाली, "जावईबापू, ईले काईबी द्या, डोये मिटून खाते." नवरदेवाला वाटलं सुगरणीची तारीफ चालली आहे, तो बिचारा हसला. रंजनाचा हात आपोआप तोंडाशी गेला. पुढे तिने डॉक्टरकडून दात नीट करून घेतला, दोन पोरं झाली, महिला मंडळाची अध्यक्ष झाली. तरी ओट्यावरून हाक यायचीच, "काय व चिंचोके, कुठं चालली?" पोरांच्या देखत.

यंदाच्या हिवाळ्यात मंडळाच्या बायकांनी रोडग्यांची पार्टी ठरवली. रंजनाच्या सासरची चांदूर बाजाराजवळ संत्र्याची बाग आहे, तिथे जायचं. जाड दळलेल्या गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर झाडाखाली बसून खायचे. आमच्या वऱ्हाडात यापरतं सुख दुसरं नाही. रंजना मावशीच्या ओट्यावर स्वतः गेली. मी अंगणात स्कूटर पुसत होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"मावशी, रविवारी रोडगे हायेत बागेत. तू बी चाल."

"मले काहून बोलावून राहिली?"

"सगळ्या येऊन राहिल्या. तूच काहून मागं राहतं?"

"थे जळके गोये खायले इतक्या दूर कोण जाईन व चिंचोके?"

रंजना हसली. तोंडावर हात न ठेवता हसली. मला वाटलं, पोरीचं मन मोठं झालं. त्या आमंत्रणात पुढचं सगळं आधीच होतं की नंतर सुचलं, ते मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने अर्चनाला विचारलं, "गाडी किती वाजता निघते व?" वेळ रंजनाताई कळवतील, असं अर्चनाने सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशी मावशीने मला हाक मारली. या वेळी 'बदलीवाला' नाही, नावाने. अकोल्याहून पांढरे कापडी बूट आणायला सांगितले, शेतात ढेकळं असतात म्हणून. मी आणले. ते घालून ती संध्याकाळी अंगणात इकडून तिकडे चालायची, मध्येच थांबून पायाकडे पाहायची. भाजीवाल्या माळिणीला विचारायची, बागेत आता संत्री झाडावर असतील न, की उतरवली? सकाळी पेपर न्यायला आली तर त्याच दिवशीचा मागितला. हवामान पाहायचं होतं.

मला ते बघवेना. जन्मभर जिने दुसऱ्याची आस चिमटीत धरून चिरडली, तिच्या तोंडावर सत्तरीत शाळकरी पोरीसारखा आनंद. माझ्या मनात तेव्हा दया वगैरे काही नव्हतं, सरळ सांगतो. मला वाटलं, आता कळेल. गल्लीलाही तेच वाटलं असणार, कारण तिला नाव पडायला वेळ लागला नाही. "काय रोडगेवाली, झाली काय तयारी?" असं शेजारच्या बाईने विचारलं आणि नळावर हशा पिकला. मावशीही हसली. "झाली न," म्हणाली. तिला तो टोमणा कळलाच नाही, किंवा कळूनही त्या चार दिवसांत तिला तो लागला नाही.

रविवारी सकाळी अर्चना चौकातून गाडीत बसायचं म्हणून अंधूक उजेडातच घरून निघाली; मावशीला रंजना घरून सोबत घेणार, असं तिला सांगितलेलं होतं. मी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा मावशी ओट्यावर बसलेली होती. धुतलेली साडी, पांढरे बूट, खांद्यावर शाल आणि मांडीवर तोच पितळेचा डबा, चिंचेने घासून लखलखीत केलेला. तेवढ्यात माझा फोन वाजला. अर्चना होती, मागे बायकांचा कलकलाट.

"अहो, मावशीले बरं नाही काय? रंजनाताई म्हणतात, रात्रीपासून ताप हाये म्हणून येत नाहीत. आम्ही तर आता गावाबाहेर आलो. तुमी जरा पाहता काय त्यायले?"

मी समोर पाहिलं. मावशी रस्त्याच्या वळणाकडे मान लांब करून बसली होती.

"पाहतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

रस्ता ओलांडून गेलो. "लौकर उठला आज?" तिने विचारलं. "आठाले येते म्हणे गाडी. रंजीनं सांगितलं. मी आपली तयार होऊन बसली." मी उभाच राहिलो. नर्सगिरीत आयुष्य गेलेलं, माणसाच्या तोंडावरून रिपोर्ट वाचायची तिला सवय होती. माझ्या तोंडाकडे तिने एकदाच पाहिलं.

"गेल्या न?"

मी मान हलवली.

"मले काय झालं म्हणून सांगितलं?"

"ताप."

ती हसली. पदर तोंडाला लावून, कोजागिरीला हसली होती तशीच. "बरी शिकली पोट्टी," म्हणाली. मी म्हणालो, मावशी, चल, मी स्कूटरवर नेतो, तासाभरात पोचू. "नाही," म्हणाली. "जेवाले बलावेल मानसानं जावं. मागं टाकेल मानसानं नाही." आणि मग मांडीवरच्या डब्याचं झाकण काढून माझ्यापुढे धरलं. आत भाजून, सोलून, मीठ लावलेले फल्लीदाणे होते. एकही दाणा करपलेला नव्हता. वास अजून ताजा होता.

"रंजीसाठी होते," ती म्हणाली. "तिची पहिली मूठ राहिली होती."

मी हात पुढे केला नाही. तिने झाकण घट्ट लावलं. मला पहिल्यांदा त्या बाईची दया आली, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की एवढी वर्षं काय केलंस मग? एक मूठ दाण्यांना तीस वर्षं लागतात काय? दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी वाटल्या आणि आजही वाटतात.

दिवसभर ती तिथेच बसली. मी पोहे नेऊन दिले, ते तिने खाल्ले. बूट काढले नाहीत. ऊन ओट्यावर आलं, सरकलं, गेलं. पाच-साडेपाचला गाडी गल्लीतच आली. बायका उतरल्या, अंगाला गोवऱ्यांच्या धुराचा वास, पिशव्यांतून संत्री. मावशीला शाल घेऊन, बूट घालून बसलेली पाहताच सगळ्यांचं बोलणं थांबलं. अर्चनाने माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती पुढे यायला निघाली, पण त्याआधी मावशीने हाक मारली.

"रंजे, इकडं ये."

चिंचोकी म्हटलं नाही. रंजना आली. भांडायच्या तयारीनेच आली, हनुवटी वर, हात कमरेवर. मावशीने डबा उचलून तिच्या कानाशी नेला आणि वाजवला. खुळखुळ.

"ओळख."

रंजनाचा रंग उडाला. सगळी गल्ली ऐकत होती. तिने डब्याकडे पाहिलं, मावशीच्या बुटांकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेक अक्षर चावून म्हणाली, "चिंचोके."

दोन-तीन बायका हसल्या. मी तोंड उघडलं. मावशीने मान न वळवता नुसती नजर माझ्याकडे टाकली, हवेत सुई धरायची तेव्हा असायची तशी, आणि माझं तोंड मिटलं.

"बरोबर," मावशी म्हणाली.

रंजना जिंकली होती. तिने मागे वळून बायकांकडे पाहिलं आणि मोकळं, भरपूर हसली. डब्यात खरे दाणे होते, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगावंसं वाटतं ते तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, आणि म्हणूनच सांगत नाही.

मावशी भिंतीला धरून उठली. उंबऱ्याशी थांबून तिने पांढरे बूट काढले, एकमेकांवर आपटून त्यांची धूळ झटकली. धूळ नव्हतीच, ते अंगणाबाहेर गेलेच नव्हते. डबा काखेत घेऊन ती आत गेली आणि दार लावलं. त्यानंतर ती उन्हाळ्यापर्यंत होती, दिसायची, बोलायचीही, पण माझ्यासाठी मावशी त्या दारातून आत गेली ती गेलीच. त्या दाराआड एवढे दाणे होते, आणि ते चावायला एकही दाढ नव्हती.